निरोपाची पोच

“निरोप दिला म्हणजे पोचला, असं नसतं गो मालू. समोरच्यानं तो आपल्या तोंडानं परत बोलून दाखवायचा. मग पोचला. तवर फोन खाली ठेवायचा नाय. समजलं? काय समजलं ते सांग बघू.” हा बायजाबाईंचा आवाज. गडबच्या बायजाबाईंनी मालूला रोह्याच्या कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं, शिकवलं, आणि त्या गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. आवाज मात्र मागे राहिला होता. तो कुठेही यायचा, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर, भाजी निवडताना. आज तो आला कंपनीच्या दवाखान्यात, कारण सुरभी डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून विचारलं होतं, “मालूताई, तुम्ही कधी बॅटरी रूममध्ये काम केलंय का?” आणि मालूने सवयीने प्रश्न परत बोलून दाखवला होता. “मी बॅटरी रूममध्ये कधी काम केलंय का, असं विचारताय.” “हो.” “नाही. मी टेलिफोनवर होते. आता रिसेप्शनला.” डॉक्टर पुन्हा कागदाकडे बघत राहिल्या. त्या नवीनच होत्या, वयाने मुलीसारख्या. प्लांटमधल्या माणसांच्या होतात त्या सगळ्या तपासण्या यंदा त्यांनी ऑफिसातल्या बायकांच्याही करायला लावल्या होत्या. “तुमच्या रक्तात शिसं आहे,” त्या म्हणाल्या. “असायला नको तेवढं.” शिसं. मालूच्या डोळ्यांपुढे खाडीवरच्या जाळ्यांना बांधतात त्या गुळगुळीत करड्या गोळ्या आल्या. जाळं पाण्यात पडलं की आधी त्या खाली जातात आणि बाकीचं सगळं आपल्यामागून ओढून नेतात. “पोट दुखतं?” “दुखतं. मला वाटलं उपासाचं.” “तोंडाला चव कशी असते?” “नाणं चोखल्यासारखी. पावसाळ्यापासून.” मग डॉक्टरांनी औषधं लिहिली, उपास कमी करा म्हणाल्या, आणि हे शिसं येतंय कुठून ते शोधायला हवं म्हणाल्या. “तुम्ही तरी मोठ्या आहात. लहान मूल असतं, किंवा पोटुशी बाई, तर फार वाईट. आईच्या रक्तातून ते सरळ बाळात जातं. मेंदूत बसतं. वरून काही दिसत नाही.” मालूने मान हलवली. हा निरोप मात्र तिने परत बोलून दाखवला नाही. तो आपल्यासाठी नव्हे असं तिला वाटलं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती जीभ टाळूला लावून बघत राहिली. नाण्याची चव होती. नागोठणं गेलं, हमरस्त्याच्या कडेला वालाची शेतं काळोखात बुडत होती आणि कुठेतरी मडक्यात शेंगा भाजायला पोपटी लावली होती, तिच्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा कडू-गोड धूर बसमध्ये शिरला. बॅटरी रूम. त्या खोलीत ती काम कधीच करत नव्हती, पण त्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अलीकडे एक्स्चेंजची खोली, पलीकडे बॅटऱ्यांची. एक्स्चेंज म्हणजे माणसाएवढी लोखंडी कपाटं, आत चोवीस तास चालणारी घरघर, जणू मोठं कुटुंब झोपलंय आणि त्यांचे श्वास ऐकू येतायत. ती तापू नयेत म्हणून उन्हाळा-हिवाळा एसी सुरू. आणि वीज गेली तरी कंपनीचे फोन जाऊ नयेत म्हणून भिंतीपलीकडे काळ्या जाड रबरी पेट्यांची रांग, प्रत्येकीत आम्ल आणि पत्रे. दार उघडलं की घशाला खवखव सुटायची. दसऱ्याला मात्र मालू त्या दारात जायची. आधी एक्स्चेंजच्या कपाटाला हळदकुंकू, फूल, मग पलीकडे जाऊन पहिल्या पेटीच्या अंगाला कुंकवाचं बोट. लोक हसायचे. “मालूताई, बॅटरीला नवस बोलता काय?” ती कुंकवाचं बोट पदराला पुसायची. ज्याच्या जिवावर आपण दुसऱ्याशी बोलतो त्याला वर्षातून एकदा नमस्कार केला तर काय बिघडलं? तिचं पोट बोलण्यावर होतं. म्हणूनच तर तिने पहिल्या पगारापासून तो नेम धरला होता: सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द वाहायचे, तर दिवसातला पहिला शब्द देवापुढे धुऊन घ्यावा. नवरा होता तेव्हा तो चिडायचा, पाहुणे अवघडायचे. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा आधी तिने तुळशीला पाणी घातलं आणि मग हंबरडा फोडला. शेजारणींनी ते लक्षात ठेवलं. चांगल्या अर्थानं की वाईट, हे तिला कधी कळलं नाही.

मग तो मितेश आला, ऑफिसचा कारभार बघणारा नवा साहेब. पोरगेलासा, मनाने सरळ. त्याने एकदा एक्स्चेंजच्या खोलीत उभं राहून कान टवकारले आणि म्हणाला, “ताई, ही घरघर म्हणजे जळणारा कोळसा आहे. कोणी बोलत नसलं तरी हे जळतंच असतं.” मालूला ते एकदम पटलं. मुखात देवाचं नाव नाही आणि दिवा मात्र जळतोय, असं झालं हे. त्याने मोठ्या साहेबांना आकडे दाखवले, आणि हळूहळू सगळं बदललं. टेबलांवरचे फोन गेले, कॉम्प्युटरमधूनच बोलणं सुरू झालं. कोणी जागेवर नसलं की ते यंत्र आपोआप झोपायचं. छापील डिरेक्टरी बंद. मीटिंगसाठी मुंबईहून गाड्या येणं बंद, पडद्यावरच सगळे. एसी बंद. विजेचं बिल इतकं खाली आलं की एक्स्चेंजचा मीटर बिघडला म्हणून वायरमन बघायला आला. जुने फोन, कपाटं, तारा, सगळं परवाना असलेल्या माणसाकडेच गेलं, रीतसर; त्याचं प्रमाणपत्र रिसेप्शनमध्ये मालूच्या डोक्यावर फ्रेम करून लावलं होतं, ‘हरित संवाद’. आणि बाहेरून फोन केला की जो बाईमाणसाचा आवाज विक्रीसाठी एक दाबा, खरेदीसाठी दोन दाबा म्हणायचा, तो मालूचाच. मितेशने हट्टाने तिचाच आवाज घेतला. “यंत्राला पण माणूस पाहिजे, ताई.” तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. फक्त एकदा घरून तिने तो नंबर लावून बघितला. तिचाच आवाज तिला नमस्कार म्हणाला, आणि ती “नमस्कार” म्हणून उत्तराची वाट बघत राहिली, आणि आवाज तिचं काहीही न ऐकता पुढचं सांगत गेला. मग तिने पुन्हा कधी लावला नाही.

बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. भंगारवाल्याला आतलं शिसं हवं होतं. त्याने मागच्या अंगणात पेट्या फोडल्या नाहीत, नीट उघडून पत्रे काढून नेले आणि रिकाम्या पेट्या तशाच टाकून गेला. मितेशला त्या टाकवेनात. “इतकं मजबूत रबर. शंभर वर्षं कुजणार नाही.” पर्यावरण दिन आलाच होता. पाइप लावून पेट्या धुतल्या, तळाला भोकं पाडली, आणि प्रत्येकीत तुळशीचं रोप घालून ऑफिसात, कॅन्टीनला, साफसफाईला असलेल्या बायकांना वाटल्या. काळ्या, चौकोनी, जाड काठांच्या. रांगेत मांडल्या तर खरंच लहान लहान वृंदावनंच दिसत होती. बायका हरखल्या. मालूने आपली निवडून घेतली, कारण तिच्या अंगावर कुंकवाचं बोट होतं. पाइपाच्या पाण्यानेही ते गेलं नव्हतं. तिचंच बोट, कुठल्यातरी दसऱ्याचं. देवाने आपली खूण ठेवली, असं तिला वाटलं, आणि बसमध्ये पेणपर्यंत ती पेटी मांडीवर घेऊन आली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती नेहमीसारखी आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून गॅलरीत तांब्या घेऊन उभी राहिली, तोंड मिटलेलं, मनात नाम. पाणी घालायला वाकली तेव्हा पेटीच्या आतल्या कोपऱ्यात, मातीच्या वर, पांढरं काहीतरी फुललं होतं. हे ती पहिल्यांदाच बघत होती असं नाही. पावसाळ्यात दिसलं होतं, दिवाळीत दिसलं होतं. तिला चुना वाटला होता, रांगोळीची भुकटी वाटली होती. एकदा तर तिने बोटाने पुसून ते कपाळी लावलं होतं. माती तर रोजच लावायची. पाणी घातलं की मुळाशी बोट टेकवायचं, तीच माती कपाळाला, तीच चिमूटभर जिभेवर, मग पान. आईने शिकवलेलं. आईला तिच्या आईने. पेणात माती कोणी नुसती माती म्हणत नाही. पुढच्या गल्लीत गणपतीचे कारखाने, आज चिखल आहे तो भाद्रपदात देव होऊन बसणार. माती जिभेवर ठेवायला कोणाला कधी भीती वाटली? तांब्या हातात तसाच राहिला. जिभेवर नाणं. पेटीच्या अंगावरचं कुंकवाचं बोट तिच्याकडे बघत होतं. म्हणजे आपण रोज, असं मनाशी सुरू झालं आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आतच त्याच्या खालून दुसरं वर आलं, जाळ्याच्या गोळीसारखं नव्हे तर बुडालेलं प्रेत वर येतं तसं, फुगून, पालथं. सरू.

सरू कंपनीत साफसफाईला होती, धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरवाल्यांची सून. एक्स्चेंजच्या खोलीत झाडू मारताना गाणी म्हणायची आणि मालूने डोळे मोठे केले की म्हणायची, “फोनवाल्यांना पन ऐकू द्या की, फुकट हाय.” दोनदा मूल राहून गेलं होतं तिचं. पेट्या वाटल्या तेव्हा तिलाही एक मिळाली, आणि तिच्या अंगणातली माती खारट, तिच्यात तुळस धरणार नाही म्हणून मालूनेच गडबला उतरून बायजाबाईंच्या शेतातली गोडी माती पिशवीतून आणून दिली होती. पुढच्याच महिन्यात सरूला दिवस राहिले. “तुलशीनं दिला ताय,” ती म्हणाली होती, खात्रीने, जशी कोणी पोस्टाने आलेल्या पार्सलबद्दल सांगावं. “दोन येला टिकला नाय, आता तुलस आली आन टिकला.” मग नवरात्राच्या सुमारास, नोकरी सोडायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसून होती. “काय गो, खात का नाहीस?” “खाया नको वाटतं. हसशील ताय. मना माती खावीशी वाटते.” मालू हसली नव्हती. “डोहाळे आहेत ते. होतं असं.” “आमची माती खारी, खाल्ली की तहान लागते. सासू वराडते, म्हनते पोर काला होईल. तुलशीची मातर गोड लागते.” आणि तेव्हा मालू म्हणाली होती, तिला तो स्वर आठवत होता, मायेचा, जाणत्या बाईचा, “खायचीच झाली तर तुळशीचीच खा हो. चिमूटभर. ती काय नुसती माती नाही, प्रसाद आहे.” सरूने तिच्या पायांना हात लावला होता. “सातव्यात वटी भराया तूच यायचं. आई नाय मना. तुलशीपाशी बसवून भरायची. देतेस वचन?” “येईन.” “येईन नाय, कवा येशील काय करशील ते बोल.” मालूला तेव्हा खरंच हसू आलं होतं, ही पोरगी बायजाबाईंना कधी भेटली, म्हणून. “सातव्यात येईन, तुझ्या तुळशीपाशी तुला बसवीन, तुझी ओटी भरीन.” “हां. आता पोचला,” सरू म्हणाली होती.

तांब्यातलं पाणी तिने त्या दिवशी तुळशीला घातलं. न घालून काय करणार होती? घातलं, आणि पहिला शब्द काय काढावा ते तिला सुचेना. जिने दिवसाला शेकडो वेळा नमस्कार म्हणायचा ती बाई गॅलरीत ओठ विलग करून उभी. मग तिने पान तोडलं नाही, माती घेतली नाही, आणि सातची बस धरून मितेशच्या केबिनच्या दारात तो यायच्या आधी जाऊन बसली. त्याला सगळं सांगितलं. हळू आवाजात, क्रमाने, जसा निरोप सांगावा. त्याचा चेहरा उतरत गेला. “ताई, पाणी घ्या,” तो म्हणाला आणि स्वतःच प्यायला. दोन दिवस मुंबईच्या ऑफिसशी बोलणी चालली, दार लावून. तिसऱ्या दिवशी त्याने एक कागद तिच्यापुढे ठेवला. सगळ्यांना एकदम फोन जाणार होता, नव्या यंत्रातून, तिच्या आवाजात. तिने वाचलं. पर्यावरण दिनी वितरित केलेल्या कुंड्या गुणवत्तेच्या कारणास्तव परत घेण्यात येत आहेत, कृपया आपली कुंडी कंपनीच्या गेटवर जमा करावी. “साहेब, यात शिसं कुठे आहे?” “तो शब्द नको म्हणतायत. घबराट होईल.” “मग परत का करायची ते बायकांना कळणार कसं?” “कळायला कशाला हवं? कुंडी आली म्हणजे झालं ना, ताई.” “तिला कुंडी कोणी म्हणत नाही साहेब. तुळस म्हणतात. तुळस कोणी परत करत नाही.” तो खुर्चीतून उठला. खिडकीतून प्लांटच्या चिमणीकडे बघत म्हणाला, “एक मी आईला नेऊन दिली होती. कोल्हापूरला. परवा फोन केला, सरळ सांगितलं, आई त्यात शिसं आहे, विष आहे. ती म्हणाली, देवाचं असं बोलू नये. तू चार बुकं शिकून बिघडलास.” “मग?” “मग काय. गंगाजळ शिंपडून घेते म्हणाली.” तो हसायला गेला आणि त्याच्या तोंडाचा भलताच आकार झाला. मालूला त्याची दया आली, आणि लगेच त्या दयेची भीती वाटली. शब्द असूनही निरोप पोचला नव्हता. मुलाचा शब्द, आईच्या कानात, आणि तरी नाही.

रेकॉर्डिंग जुन्या एक्स्चेंजच्या खोलीतच करायचं असे, तिथे आता आवाज नव्हता म्हणून. भिंतीवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. घरघर नसलेली ती खोली तिला नेहमी एखाद्या मेलेल्या माणसाच्या छातीसारखी वाटे, कान लावून ऐकावं आणि काहीच नसावं. तिने कागद धरला, गळा साफ केला आणि वाचलं. एका दमात, कुठेही न अडखळता. गुणवत्तेच्या कारणास्तव. तिचा आवाज इतका गोड लागला की तिने कागद पालथा घातला. संध्याकाळी मितेशने पडदा फिरवून दाखवला: नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे हिरवी खूण. “सगळ्यांना पोचलं, ताई.” सरूच्या नावापुढेही हिरवी खूण. मालू त्या खुणेकडे बघत राहिली. कोवळ्या पानासारखी होती.

पेट्या येऊ लागल्या, नाही असं नाही. दोनचार दिवसांनी गेटवर काळ्या पेट्यांची थप्पी बघून ती थांबली. स्वच्छ होत्या. आतून-बाहेरून घासलेल्या, कोपऱ्यातलं पांढरं फूल नाहीसं झालेलं. गेटवरचा काळुराम खुर्चीतून उठत म्हणाला, “बायकांनी बगा कशी चकचकीत करून दिलीत. सासरी लेक धाडावी तशी. कंपनीचं नाव काढतील.” “काळुराम, यातली माती कुठाय?” “माती?” “तुळशीची माती. ती कुठे टाकली त्यांनी?” काळुरामने तिच्याकडे असं बघितलं जसं ती रस्ता चुकली असावी. “टाकतील कशाला? बालडीत, डब्यात, जे गावलं त्यात तुलस लावली, मातीसकट. आमच्या घरचीनं पन तसंच केलं. देवाची माती कोन टाकतो, ताई? तुमीच सांगा, तुमी एवढ्या देवाच्या.” तिने सांगितलं, शिसं म्हणून सांगितलं, तिथेच उभं राहून, तीनतीनदा. काळुरामने हो हो केलं, मग एक ट्रक आला आणि तो फाटक उघडायला धावला. धावता धावता ओरडला, “सांगतो घरी! काळजी नको!” सांगतो. तिने त्याला संध्याकाळी गाठून परत म्हणून दाखवायला लावलं. तो लाजला, हसला, पण म्हणाला. एक निरोप पोचला. सरूची पेटी थप्पीत नव्हती.

सरूच्या घरी एकच फोन, आणि तो नवऱ्याकडे. अक्षय धरमतरला बार्जवर कामाला. आज जेट्टीला तर उद्या आत समुद्रात. मालू पहिल्या दिवसापासून लावत होती. फोन लागला तेव्हा मागून इंजिनाचा धडधडाट येत होता. “हां ताय, बोला!” “अक्षय, सरू कशी आहे?” “पोट हे एवढं! माती खाते नुसती, मी म्हनतो तुला मूल व्हनार का बांध!” तो आपल्याच विनोदावर हसला. मालूने डोळे मिटले. “कंपनीचा फोन आला होता ना? कुंडी परत करा म्हणून?” “आला ना. तुमचाच आवाज. सरूला पन ऐकवला. ती म्हनाली, ही ताय नाय, ही मशीन हाय. खरी ताय सातव्यात यायची हाय वटी भराया, ती सांगंल काय ते. तवर आपन तुलस हलवायची नाय.” “अक्षय, नीट ऐक. त्या मातीत शिसं आहे. बॅटरीतलं. बाळाला धोका आहे. सरूला सांग, ती माती एक चिमूटही खायची नाही.” “काय? वारा हाय ताय, नीट येत नाय... माती खायची नाय, बरं बरं, आय पन तेच बोलते, सांगतो.” “का खायची नाही? मला म्हणून दाखव. अक्षय?” धडधडाट वाढला, मग नुसता वारा, मग काही नाही. पुन्हा लावला. पुन्हा. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, असं एक बाई सांगत होती, अतिशय गोड आवाजात. मालूने फोन खाली ठेवला नाही. हातात धरूनच ती स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसली. खरी ताय. सरूच्या सासूने कितीदा सांगितलं असेल माती खाऊ नको, आणि सरू कितीदा म्हणाली असेल, तायनं सांगितलंय, प्रसाद हाय. जो शब्द मालूने आपल्या तोंडाने दिला होता तो कुठल्याही यंत्रातून परत घेता येणार नव्हता. आणि घेतला तरी कोणता शब्द द्यायचा त्या जागी? तुझ्या तुळशीने तुला मूल दिलं नाही, असं? की दिलं, आणि आता तीच खातेय, असं? देवा, तिला वाटलं, माझ्या पोटात दुखतंय ते राहू दे, हाडात बसू दे, पण ते पोर. मग तिला जाणवलं की आपण हे मागतोय तेसुद्धा गॅलरीकडे तोंड करून, त्या काळ्या पेटीकडे.

तिने तुळस काढली. शनिवारी दुपारी, हात जोडून, अगदी शेजारच्या बाईला उठवावं तसं हळू आवाजात क्षमा मागून. मुळं पेटीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्याला घट्ट धरून बसली होती. झाड, माती, पेटी, सगळं जाड पिशव्यांत बांधून तिने ते मितेशच्या हवाली केलं, आणि त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. तिथून परतताना ती गडबला उतरली. बायजाबाईंचा मुलगा केरू बांधावर वाल तोडत होता. “परत माती? मागल्या खेपेची खाल्ली का काय?” त्याने थट्टेने विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो वळला आणि पाटी घेऊन आला. तीच माती, त्याच शेतातली. तिच्यात तेव्हाही काही दोष नव्हता. कुंभाराकडून लहानशी कुंडी, नर्सरीतलं चार पानांचं रोप. सातवा लागला होता, पण पौष सुरू होता. पौषात ओटी भरत नाहीत, माघ लागेपर्यंत थांबायचं असतं. आणि सुट्टी मिळाली ती रविवारची, ज्या वारी तुळशीला हातसुद्धा लावत नाहीत. आयुष्यात एवढे नेम एका दिवशी मोडायची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिने ठरवून मोडले असंही नाही. फक्त शनिवारी निजताना पिशवी भरून ठेवली: तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी.

सकाळी आंघोळ करून ती तांब्या घेऊन गॅलरीत आली आणि थबकली. कठड्याशी पेटीचा ओला चौकोन अजून उमटलेला होता, मधे काही नाही. पाणी घालायचं कशाला? आणि पाणी घातल्याशिवाय तोंड उघडायचं कसं? नव्या रोपाला इथे घालता आलं असतं. पण ते सरूचं. त्याची जागा तिथे, त्या अंगणात, तिथली जुनी काढून झाल्यावर. तिने तांब्यातलं पाणी झाकणाच्या गडूत ओतलं, झाकण घट्ट केलं, कुंडी कडेवर घेतली आणि न बोलता दार ओढून घेतलं. पेणच्या स्टँडवर मिनिडोर रिक्षा भरत होत्या. “कुठं ताय, वडखल?” ड्रायव्हरने विचारलं. तिने मान हलवली, हाताने पुढचं दाखवलं. “पोयनाड? धरमतर?” तिने मान डोलावली. “बोलायचा उपास दिसतो आज,” तो मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, “सगल्या बायकांनी धरला तर घराघरात शांती होईल बगा.” “आदी तुझ्या हॉर्नला धरायला लाव,” कोपऱ्यातली कोळीण म्हणाली, आणि टोपली सरकवून मालूला जागा करून दिली. “बस गो बाय. तुलस हाय ती, मधे घे, वारा लागंल.” मालू बसली. कुंडी मांडीवर, गडू पायांत. तोंडात नाण्याची चव होती आणि त्या चवीखाली तिने शब्द जुळवायला घेतले, ओठ न हलवता: आधी काढायची. मग ही लावायची. मग पाणी. मग सरूला समोर बसवायचं, तिचे दोन्ही हात धरायचे, आणि शिसं म्हणायचं, बाळाच्या मेंदूत म्हणायचं, मी तुला सांगितलं होतं ते चुकीचं होतं म्हणायचं. आणि ती रडेल, भांडेल, सासू अंगणात येईल, तरी उठायचं नाही. काय समजलं ते सांग बघू गो, असं विचारायचं आणि थांबायचं. गाडी सुरू झाली. धूळ उडाली तसा तिने पदर ओढून रोपावर धरला.